महिन्याला वीस दुवे: एका लिंक बिल्डिंग सेवेचे सहा महिने

जुन्या पुस्तकांची डागडुजी, बांधणी आणि जतन या विषयावरचे एक संकेतस्थळ मी बरीच वर्षे चालवतो. मजकूर भरपूर, वाचक मोजके आणि सर्च इंजिनच्या पहिल्या पानावर दर्शन दुर्मीळ, अशी त्याची अवस्था होती. तिला कंटाळून मी एका लिंक बिल्डिंग सेवेची सहा महिन्यांची वर्गणी भरली. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या पॅकेजमध्ये जे होते तेच थोड्याफार फरकाने या धंद्यातल्या बहुतेक पॅकेजांत असते. दरमहा २० बॅकलिंक (इतर संकेतस्थळांवरून माझ्याकडे येणारे दुवे), प्रत्येक बॅकलिंक ४० च्या वर डोमेन रेटिंग (मिळालेल्या दुव्यांवरून ठरवलेले वजन) असलेल्या संकेतस्थळावरून, अँकर टेक्स्ट (ज्या शब्दांवर दुवा असतो ते शब्द) ग्राहकाच्या पसंतीचे, दुवे कायमस्वरूपी आणि महिनाअखेरीस अहवाल, असा करार होता. यादीच्या अगदी तळाशी 'तुटलेल्या दुव्यांची एकदा तपासणी' असेही एक कलम होते. वर्गणी भरताना मी ते वाचलेसुद्धा नव्हते.

दुव्यांना एवढे महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँक या पानांचे वजन ठरवणाऱ्या सूत्राची कल्पना विद्वानांच्या जगातून घेतलेली होती: ज्या निबंधाचा हवाला इतर निबंध वारंवार देतात तो वजनदार, आणि हवाला देणारा स्वतः वजनदार असेल तर त्याच्या हवाल्याचे मोल अधिक. त्या सूत्रात एक गोष्ट अशी आहे की जी दुवे विकणारे सहसा सांगत नाहीत. पानाचे वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांत वाटले जाते. त्यामुळे ज्या पानावरून साठ ठिकाणी दुवे गेले आहेत त्या पानाकडून आपल्या वाट्याला येणारा हिस्सा फार लहान असतो. पुढे हे गणित पुष्कळ बदलले. वाचक ज्या दुव्यावर बोट ठेवण्याची शक्यता जास्त त्याला अधिक वजन द्यावे, अशी पद्धत गूगलला २०१० साली मिळालेल्या एका पेटंटमध्ये वर्णिलेली आहे. माणूस जिकडे जाणार नाही तो दुवा सर्च इंजिनच्याही फारसा कामाचा नाही, असा त्याचा साधा अर्थ मी घेतो आणि या सेवेचे मोजमापही त्याच फुटपट्टीने करतो.

कामाचा वक्तशीरपणा निर्विवाद होता. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी वीस ओळींचा तक्ता येई. पानाचा पत्ता, अँकर टेक्स्ट, डोमेन रेटिंग आणि प्रकाशनाची तारीख असे त्याचे चार रकाने असत. एकही महिना चुकला नाही आणि एकही ओळ कमी भरली नाही. पहिले दोन महिने मी तो तक्ता वाचून समाधानाने मिटवत असे.

तिसऱ्या महिन्यात मात्र एका ओळीवरचा पत्ता उघडून पाहिला. डोमेन रेटिंग ५२, आणि जुनी पुस्तके कशी सांभाळावीत या विषयावरचा पाचएकशे शब्दांचा लेख. पुस्तकांना दमट वास येत असेल तर ती चार-पाच दिवस कडक उन्हात उघडी करून ठेवावीत, असा सल्ला त्यात होता, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात 'पुस्तक बांधणी सेवा' या शब्दांवर माझ्या संकेतस्थळाचा दुवा होता. उन्हाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि कापडी बांधणीचा रंग उडतो, हे मी स्वतःच दोन लेखांत घसा कोरडा करून सांगितलेले आहे. शिवाय मी बांधणीची सेवा देतच नाही. त्याच संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर केशरोपण, झटपट कर्ज, सोफा धुलाई आणि ऑनलाइन जुगार यांवरचे लेख ओळीने लागलेले होते, आणि या सर्व विषयांतल्या जाणकार लेखकाचे छायाचित्र एकच होते. आपले पुस्तक सोफ्याच्या आणि जुगाराच्या मधे मांडलेले पाहून जे वाटले ते औपचारिक भाषेत लिहिणे कठीण आहे.

मग अशा संकेतस्थळाचे रेटिंग ५२ कसे? संकेतस्थळांची जुनी रूपे जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्या पत्त्याचा इतिहास पाहिला तेव्हा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी तिथे एका वाद्यवृंदाचे कार्यक्रमपत्रक असे. वाद्यवृंदाने डोमेनचे नूतनीकरण केले नाही, ते कुणीतरी उचलले, आणि संगीतप्रेमींनी प्रेमाने दिलेल्या जुन्या दुव्यांच्या पुण्याईवर ही नवी दुकानदारी सुरू झाली. मुदत संपलेल्या डोमेनचा असा वापर गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅमविषयक धोरणात स्वतंत्रपणे नोंदवला आहे. दुसरे असे की डोमेन रेटिंग हे एचरेफ्स या खासगी कंपनीचे आणि त्याच धर्तीचे डोमेन अथॉरिटी हे मॉझ या दुसऱ्या कंपनीचे मोजमाप आहे. दोन्ही अंदाज म्हणून उपयोगी आहेत, पण गूगल आपल्या क्रमवारीत यांपैकी काहीच वापरत नाही. पेजरँकचा आकडा ब्राउझरमधल्या गूगल टूलबारमध्ये सर्वांना दिसत असे तेव्हा बाजार त्या आकड्यावर चाले. २०१६ साली गूगलने तो दाखवणे बंद केले आणि बाजाराने दुसरा आकडा हाती घेतला, एवढेच.

माझी सर्वात गंभीर तक्रार अँकर टेक्स्टविषयी आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या साठ दुव्यांपैकी निम्म्याहून अधिक दुवे अक्षरशः 'पुस्तक बांधणी सेवा' या त्याच तीन शब्दांवर होते. माणसे आपण होऊन दुवा देतात तेव्हा कुणी संकेतस्थळाचे नाव लिहितो, कुणी नुसता पत्ता चिकटवतो, कुणी 'इथे पाहा' म्हणतो. सगळ्यांनी एकच शब्दसमूह वापरणे हे परीक्षेत अख्ख्या वर्गाची चूकसुद्धा एकच निघावी तसे आहे. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलच्या क्रमवारीत आलेल्या पेंग्विन नावाच्या बदलाने नेमके हेच हेरले होते, आणि गूगलच्या सांगण्यानुसार त्याचा परिणाम इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर झाला. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, जेसी पेनीसारख्या बड्या विक्रेत्याचे असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेले दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले आणि गूगलने त्या कंपनीला निकालांत खाली ढकलले. एवढे सगळे होऊन इतकी वर्षे लोटली, तरी पॅकेजमध्ये अजून 'ग्राहकाच्या पसंतीचे अँकर टेक्स्ट' हे आमिष म्हणून लिहिले जाते, याचे नवल वाटते.

मी सेवेच्या प्रतिनिधींना लिहिले, की पैसे देऊन घेतलेल्या दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी. हा दुवा क्रमवारीसाठी मोजू नये असे सर्च इंजिनला सांगणाऱ्या या खुणांपैकी गूगलने 'नोफॉलो' २००५ मध्ये आणि 'स्पॉन्सर्ड' २०१९ मध्ये आणले. जाहिरातीच्या दुव्याला यांपैकी एखादी खूण असेल तर गूगलची हरकत नसते, पण केवळ क्रमवारी वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे-देणे मात्र त्याच्या धोरणाविरुद्ध आहे. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: "सर, खूण लावली तर मग त्या दुव्याचा उपयोग काय?" संपूर्ण पत्रव्यवहारातले हे सर्वात प्रामाणिक वाक्य होते.

परिणामांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका शब्दासाठी माझे पान तिसऱ्यावरून दुसऱ्या पानावर आले आणि पाचव्या महिन्यात पुन्हा तिसऱ्यावर गेले. त्या दुव्यांवरून प्रत्यक्ष आलेल्या वाचकांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिक्षा अशी झाली नाही, सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात कोणतीही मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई) दिसली नाही. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ प्रणालीचाच भाग झाल्यावर असे दुवे बहुधा नुसते दुर्लक्षिले जातात, आणि माझ्या वर्गणीचेही तेच झाले असावे.

आता त्या तळाच्या कलमाविषयी. चौथ्या महिन्यात, मी आठवण करून दिल्यावर, तुटलेल्या दुव्यांची यादी आली आणि ती मात्र सोन्यासारखी निघाली. काही वर्षांपूर्वी संकेतस्थळाची मांडणी बदलताना मी पानांचे पत्ते बदलले होते आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे आपोआप नेणारे ३०१ रिडायरेक्ट लावायचे राहून गेले होते. गव्हाच्या सत्त्वापासून बांधणीची खळ कशी करावी, या लेखाला काही ग्रंथालयांनी आणि एका हस्तकला शाळेने आपापल्या वाचनसूचीत दुवे दिलेले होते, आणि ते सगळे इतकी वर्षे '४०४' च्या, म्हणजे 'पान सापडत नाही' सांगणाऱ्या, कोऱ्या पानावर आपटत होते. आमच्याकडे येऊ पाहणारी माणसे आमच्याच बंद दारावरून परत जात होती! एका दुपारच्या कामात चौदा पत्ते दुरुस्त झाले. त्याच झटक्यात मी स्वतःच्या लेखांतले आपापसातले दुवेही तपासले, तेव्हा खळीच्या पानाकडे माझ्याच संकेतस्थळावरून एकसुद्धा वाट जात नसल्याचे आढळले. शिवण, पुठ्ठा आणि फाटक्या पानांच्या लेखांतून, जिथे खळीचा उल्लेख होता तिथेच, दुवे जोडले. पाचएक आठवड्यांत ते पान पहिल्या पानावर आले आणि हा मजकूर लिहीपर्यंत तिथेच आहे. यातला वाटा रिडायरेक्टचा किती आणि अंतर्गत दुव्यांचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, कारण दोन्ही कामे मी एकाच आठवड्यात केली.

पाचपैकी दीड तारा देतो आणि तो संपूर्ण दीड तारा त्या यादीचा आहे. ही तपासणी स्वतंत्रपणे विकत मिळत असेल तर जरूर घ्यावी; नसेल तर सर्च कन्सोलमध्ये अशा '४०४' पानांचा अहवाल मोफत मिळतो, थोडा वेळ मोडला की पुष्कळसे काम त्यावरही भागते.

वर्गणी संपवताना मी ते विकतचे दुवे काढून टाकावेत अशी विनंती केली, तर दुवे काढण्याचे शुल्क वेगळे असल्याचे कळवण्यात आले. मी ते भरले नाही. दोन महिन्यांनी पाहिले तर 'कायमस्वरूपी' दुव्यांपैकी तिसरा हिस्सा आपोआप नाहीसा झाला होता, वाद्यवृंदाच्या जागेवरचा लेखसुद्धा. ग्रंथालयांच्या सूचीवरून मात्र वाचक येत राहतात. गेल्या आठवड्यात त्यांपैकी एकाने विचारले, की केलेली खळ किती दिवस टिकते. ते लेखात लिहायचे राहूनच गेले होते, त्याच संध्याकाळी भर घातली.