हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या लाइनमधली हवा काढायला पेडल मारायचं की व्हॅक्यूम पंप घ्यायचा?
खर्च बघशील तर पेडलवाली पद्धत जवळपास फुकट, पारदर्शक नळी, बाटली, पाना आणि डॉट ४ ब्रेक ऑइल (ऑइलच्या टाकीच्या कॅपवर डॉट ३ लिहिलं असेल तरी चालतं) एवढंच, पण आत पेडल दाबून धरणारा माणूस हवा आणि निप्पल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) बंद व्हायच्या आधी त्याने पाय उचलला की हवा परत आत, मग बसा ओरडत. व्हॅक्यूम पंपाने एकट्याला जमतं, फक्त निप्पलच्या आट्यांतून हवा ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत, तिथे ग्रीस लाव. टाकीतलं ऑइल संपत नाही ना, हे दोन्ही पद्धतींत बघत राहा, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू. घरात जोडीदार असेल तर पेडलच बरं, एकटाच नेहमी गाडी उघडत असशील तर पंप घे.