केमिस्ट्री करायचीय: युनिव्हर्सिटीचं कॉलेज की आयसर?

बारावीला केमिस्ट्री आवडली, नीट द्यायची नाही, इंजिनिअरिंगचं मन होत नाही, असं असलं की पुण्यात समोर दोन रस्ते उरतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीएस्सी, नाहीतर पाषाणच्या आयसरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचं, पाच वर्षांचं बीएस-एमएस (डिग्री आणि मास्टर्स एकत्र). घरचे लगेच रँकिंग काढून बसतात, पण माझ्या मते खरा प्रश्न एकच: ब्युरेट, म्हणजे लॅबमधली थेंब-थेंब द्रावण सोडायची मापाची काचनळी, तुमच्या स्वतःच्या हातात किती वेळ राहणार?

विद्यापीठाचं आधी. 1949 पासूनची युनिव्हर्सिटी, पुणे नाशिक नगर मिळून शेकडो कॉलेजं, आणि डिग्रीवर सगळ्यांच्या एकच नाव. पण बीएस्सीला तुम्ही शिकणार कॉलेजात, गणेशखिंडीतल्या कॅम्पसवरच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटचा संबंध येतो तो एमएस्सी-पीएचडीला, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. त्यामुळे एकाच युनिव्हर्सिटीच्या दोन मुलांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एका ठिकाणी प्रत्येकाला स्वतंत्र सेट, दुसरीकडे तिघांत एक, म्हणजे एक जण टायट्रेशन करतो (ब्युरेटमधून रंग बदलेपर्यंत थेंब सोडून प्रमाण मोजायचं), दुसरा रीडिंग लिहितो, तिसरा ते बघून जर्नल भरतो आणि जर्नल तिघांचंही सर्टिफाय होतं.

आणि हे हातानेच शिकायचं काम आहे हो. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन घ्या, इंडिकेटर (रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणारं रसायन) वेगळा लागत नाही, ऑक्झॅलिक गरम करून घ्यायचं, साधारण 60-70 डिग्री, नाहीतर सुरुवातीला रंग जाता जात नाही, आणि एरवी मेनिस्कसची, म्हणजे नळीतल्या द्रावणाच्या वक्र पातळीची, खालची कड वाचायची सवय लागलेली असते पण परमँगनेट इतकं गडद की खालची दिसतच नाही, मग वरची वाचायची. वाचून पाठ होतं सगळं, पण फिकट गुलाबी रंग टिकला आणि आता थांबायचं, हे कळायला स्वतः चारदा जास्त थेंब पाडावे लागतात.

म्हणून ॲडमिशनआधी कुठल्यातरी साध्या दुपारी कॉलेजची लॅब बघून या. फ्यूम हूडचा (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) एक्झॉस्ट चालू आहे का, एका बॅचला किती मुलं, आणि कायमस्वरूपी शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती. हे प्रिन्सिपलना नाही, टीवायच्या मुलांना विचारायचं, ती खरं सांगतात.

आयसरमध्ये ही चिंता कमी. शिकवणारे स्वतः रिसर्च ग्रुप चालवणारे, मोठी यंत्रं कॅम्पसवरच, एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा शेजारी, आणि शेवटचं वर्ष म्हणजे थीसिस. पण गोम अशी की सुरुवातीला फिजिक्स, मॅथ्स, बायो सगळंच करावं लागतं. मॅथ्सपासून सुटका म्हणून केमिस्ट्री घेणाऱ्यांचे तिथे हाल होतात. एंट्रन्सही तसाच, आयएटी या आयसरच्या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी 15, म्हणजे पीसीएमवाल्याला बायो नडतं, पीसीबीवाल्याला मॅथ्स. शिवाय हॉस्टेल-मेस धरून खर्च वाढतो, अनुदानित कॉलेजच्या फीशी त्याची बरोबरीच नाही. (विनाअनुदानित तुकडी असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा.)

नोकरीचं म्हणाल तर बीएस्सीवर कुरकुंभ, तारापूर, लोटे अशा एमआयडीसीत क्यूसीत (मालाची गुणवत्ता तपासणी) लागतात पोरं, शिफ्ट ड्युटी, दिवसभर एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. वाईट नाही, पगार सुरू होतो. पण आर अँड डीत बहुतेक ठिकाणी एमएस्सी मागतातच. त्यामुळे कॉलेजवाल्याची खरी परीक्षा म्हणजे जॅम, आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, ती चांगली गेली तर पवईच्या आयआयटीत एमएस्सी करता येते आणि मग बीएस्सी कुठून केली हे फार कोणी विचारत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजवाल्याला तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्स करता येतं, ही मोकळीक आयसरमध्ये मनात धरून जाऊ नका, तिथे पाच वर्षांची तयारी ठेवूनच जायचं.

मुंबईकरांसाठी कलिनाचं सीबीएस हे मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे, कोर्स पाच वर्षांचाच, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, जी 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तिथलं केमिकल इंजिनिअरिंग हे 'केमिस्ट्री आवडते' म्हणून घेऊ नका, त्यात पंप, हीट एक्स्चेंजर आणि भरपूर गणित आहे.

माझं मत विचाराल तर रिसर्चच करायचाय हे आत्ताच पक्कं असेल आणि मॅथ्सची भीती नसेल तर आयसर. अजून ठरत नसेल, किंवा घरी तीन वर्षांत कमाई सुरू होणं गरजेचं असेल, तर चांगल्या लॅबचं अनुदानित कॉलेज, आणि एसवायपासून जॅमचे जुने पेपर. आयएटी दिली असली तरी कॉलेजच्या मेरिट लिस्टची तारीख चुकवू नका, ॲडमिशन घेऊन ठेवा, नंतर रद्द करताना थोडे पैसे कापले तर कापले.