श्रद्धेच्या चौकटीतला बिझनेस प्लॅन: नाताळ आणि ईस्टर काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याआधी वसईतल्या आमच्या छोट्या बेकरीचा प्लॅन आम्ही नवरा-बायकोने नव्याने लिहायला घेतला. श्रावण, नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), ईस्टर असा सगळा फेरा त्यावर चालवून झालाय, म्हणून आता सविस्तर लिहिते. प्लॅन मला मनापासून आवडलाय, पुढच्या वर्षीही हीच चौकट ठेवणार. पण तो एकटा पुरत नाही, आणि हे सुरुवात करणाऱ्यांना आधी कळायला हवं.

चौकट घेतली ती २०१२ साली व्हॅटिकनच्या न्याय आणि शांती परिषदेने उद्योजकांसाठी काढलेल्या ‘व्होकेशन ऑफ द बिझनेस लीडर’ या पुस्तिकेतून. धंद्याकडे ती तीन अंगांनी बघते: चांगला माल, चांगलं काम आणि चांगली संपत्ती, म्हणजे टिकेल अशी कमवायची आणि न्यायाने वाटायची. शेवटी उद्योजकाने स्वतःला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे. आम्ही प्रत्येक प्रश्नाखाली आमच्या बेकरीचं उत्तर लिहिलं, आणि उत्तरात आकडा किंवा ठरलेला नियम असलाच पाहिजे असं बंधन घालून घेतलं. नुसतं ‘प्रामाणिकपणे धंदा करू’ असं लिहिलेलं पान गर्दीच्या दिवशी कोण उघडून बघतं?

चांगल्या मालाचं उदाहरण देते. केक भाजताना त्यातलं पाणी उडतं. किलोभर घोल टिनमध्ये ओतला तर थंड झालेला केक किलोचा भरत नाही, शंभर ग्रॅमच्या आसपास सहज घटतो. घोलाच्या वजनावर ‘एक किलो’ म्हणून विकायची पद्धत बाजारात आहे आणि गिऱ्हाईक काही घरी काटा लावत नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोटा तराजू देवाला आवडत नाही असं म्हटलंय, ते आम्ही लहानपणापासून ऐकतोय, पण प्लॅनमध्ये ते असं उतरलं: वजन थंड झालेल्या केकचं, बोर्ड आणि खोका सोडून. त्यामुळे प्रत्येक टिनमध्ये घोल जास्त जातो. तो खर्च आधीच किमतीत धरला, म्हणून नंतर हात आखडला नाही.

सगळ्यात जास्त विचार मात्र पगारावर झाला. कामगाराला साधेपणाने का होईना, पण घर चालवता येईल इतकी मजुरी मिळायला हवी, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकातच मांडलंय. आम्ही किमान वेतनाचा आकडा बाजूला ठेवला आणि आमच्या ओव्हनवर काम करणाऱ्या मावशींबरोबर बसून त्यांचा महिन्याचा खर्च मांडला: नालासोपाऱ्याचं भाडं, किराणा, लोकलचा पास, मुलांची फी, औषधपाणी. तो आकडा गाठायचा तर अर्ध्या किलोच्या प्लम केकमागे साधारण तीस रुपये वाढवावे लागत होते. वाढवले. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटतं. पण नाताळच्या ऐन धांदलीत, जेव्हा आजूबाजूला माणसं टिकत नव्हती, तेव्हा आमच्याकडचं एकही माणूस सोडून गेलं नाही. शनिवारी संध्याकाळी अंधार पडायच्या आत हिशेब चुकता होतो. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१५) रोजची मजुरी रोज द्यायला सांगितलीय, आमच्याकडे आठवड्याचा हिशेब सगळ्यांच्या सोयीने ठरलाय.

त्याच पुस्तिकेत आणखी एक तत्त्व आहे, जो निर्णय खालच्या पातळीवर होऊ शकतो तो वर ओढून घेऊ नये. त्यामुळे ट्रे पास करायचा की बाद, हे ओव्हनवरच्या मावशी ठरवतात. डिसेंबरात खोके भरायला घेतले असताना त्यांनी मधोमध सळई घातली, ओला घोल लागून आला, आणि त्यांनी अख्खा ट्रे बाजूला काढला. मला विचारायला आल्या नाहीत. मला त्याचा फार आनंद झाला.

नफ्याच्या वाटणीसाठी ‘इकॉनॉमी ऑफ कम्युनियन’चा आधार घेतला. फोकोलारे या कॅथलिक चळवळीच्या कियारा लुबिक यांनी १९९१ मध्ये ब्राझीलमध्ये, साओ पाउलोजवळ ही कल्पना मांडली: नफ्याचा एक भाग गरजूंसाठी, एक ही वृत्ती जोपासणारी माणसं घडवण्यासाठी आणि एक धंद्यासाठी. ऐकायला सोपं आहे. पण नफा कशाला म्हणायचं? आम्ही लिहून ठेवलं: सगळ्यांचे पगार, आमचा पगार, कर्जाचा हप्ता आणि ओव्हन दुरुस्तीचा राखीव पैसा वजा जाता उरेल तो. ही ओळ नसती तर डिसेंबरातला गल्ला बघून भावनेच्या भरात बरंच वाटून टाकलं असतं.

आता उणीव. या चौकटीत महिन्यांचा तक्ता नाही. वसईतला केकचा धंदा सणांवर हलतो. श्रावणात अंड्याच्या केकची मागणी घसरते. उपवासकाळात ख्रिस्ती घरांत लग्नं, समारंभ टाळतात, आणि नेमका तो मार्चअखेरीचा काळ. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय, तो हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. बारा महिन्यांची आवक-जावक आम्ही वेगळी केली. बँकेसाठी सीएकडून रीतसर प्रोजेक्ट रिपोर्टही करून घेतला. मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण तिथे विचारतात ते हप्ता कुठून फेडणार, एवढंच. ते बरोबरच आहे.

रविवारची सुट्टी आम्हाला महाग पडते. वाढदिवस, साखरपुडे सगळे रविवारी. केक शनिवारी संध्याकाळी पोचवतो, ताज्या क्रीमचा आग्रह असेल तर ऑर्डर सोडतो. हे नुकसानही प्लॅनमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे दर आठवड्याला नव्याने वाद होत नाही. तसंच एका हॉटेलच्या खरेदीवाल्याने दर महिन्याच्या बिलावर स्वतःसाठी टक्केवारी मागितली तेव्हा. ऑर्डर मोठी होती. ‘काय करणार नाही’ या पानावर ते आधीच होतं, त्यामुळे त्याच फोनवर नाही सांगितलं. ती जागा अजून भरून निघालेली नाही.

ज्यांचा धंदा लहान आहे आणि घरची माणसं सोबत आहेत त्यांनी हे जरूर करावं. पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, पण भाषा जड आहे. एकट्याने वाचण्यापेक्षा एखादे फादर आणि एखादा मुरलेला व्यापारी, दोघांना घेऊन बसा. आमच्या फादरांनी पगाराचा प्रश्न लावून धरला, तर सासऱ्यांच्या व्यापारी मित्राने उधारीची मुदत लिहायला लावली. पुढच्या प्लॅनमध्ये श्रावण आणि उपवासकाळासाठी बिनअंड्याचा माल आणि दोन महिन्यांच्या पगाराइतकी शिल्लक, या दोन गोष्टी वाढवतोय.