निदानाच्या कागदाआधी : जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणाचा परामर्श

विकासात विलंब किंवा अक्षमता असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग’ नावाचा कार्यक्रम तयार केला असून त्याचे साहित्य २०२२ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलाचे आईवडील, आजी-आजोबा किंवा त्याचा रोजचा सांभाळ करणारी कोणतीही व्यक्ती त्यात सहभागी होऊ शकते. नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असा त्याचा आराखडा आहे. तो चालवणारे सूत्रधार डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ असावेत अशी अट नाही. त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि जाणकाराची देखरेख मिळालेली असावी, एवढीच अपेक्षा आहे. तालुक्याच्या गावी विशेष शिक्षिका म्हणून पालकांचा गट चालवताना मी हे साहित्य वापरले आहे, आणि स्वमग्नतेविषयी (ऑटिझमविषयी) घरातल्या माणसांना खरोखर जाणते करणारे इतके उपयुक्त विनामूल्य साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. त्याच्या उणिवा मात्र किरकोळ नाहीत, म्हणून त्यांविषयीही सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

या कार्यक्रमात प्रवेश घेण्यासाठी निदानाचा कागद लागत नाही, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. अडीच वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, हे आईच्या केव्हाच लक्षात आलेले असते. परंतु घरातले वडीलधारे ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून विषय मिटवतात, आणि पुढे कुणी पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाचे नाव सुचवले तरी भेटीची तारीख, तपासण्या आणि प्रवासखर्च यांची जुळवाजुळव होईपर्यंत आणखी कित्येक महिने निघून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. मात्र थेरपीसाठी दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. अशा घरांची संख्याही थोडी नाही. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतील एक ठिकाण उत्तर गोवा होते. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष यांसारख्या मज्जाविकासाशी संबंधित स्थितींपैकी किमान एक स्थिती सहा वर्षांखालील ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत त्या पाहणीत आढळली. इतक्या मुलांना पुरतील एवढे तज्ज्ञ आपल्याकडे नजीकच्या काळात तयार होणार नाहीत. तेव्हा निदानाची वाट पाहत असतानाच घरात काय करता येईल, हे कुणीतरी शिकवणे भाग आहे, आणि हा कार्यक्रम ते शिकवतो.

शिकवण्याची रीत साधी आहे. मुलाला खुर्चीवर बसवून धडे देण्याऐवजी खेळ आणि रोजची घरकामे यांतच त्याचा सहभाग कसा वाढवावा, यावर पहिल्या सत्रांचा भर आहे. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला येऊन बसावे. दोन वस्तू दाखवून निवड त्याच्यावर सोडावी. ते जे करत असेल ते आपणही करावे. थोडक्या शब्दांत बोलावे आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबावे. गटात या गोष्टी आधी करून दाखवल्या जातात, पालक एकमेकांबरोबर त्यांचा सराव करतात आणि आठवडाभरात घरी काय करायचे ते ठरवूनच उठतात. आमच्या गटात मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे फार उपयोगी पडली, कारण त्यांतील पायऱ्या ठरलेल्या असतात, त्यांसाठी काही विकत आणावे लागत नाही आणि आईचा स्वयंपाकही अडत नाही. महागड्या खेळण्यांच्या यादीने दडपून गेलेल्या पालकांना हे ऐकून मोठा दिलासा मिळतो.

माझ्या मते कार्यक्रमाचा गाभा वर्तनाविषयीच्या सत्रांत आहे. मूल डोके आपटते, चावते, मिक्सर सुरू होताच किंचाळते किंवा गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचा आवाज येताच कानांवर हात ठेवून रस्त्यावरच आडवे होते, तेव्हा आसपासच्या लोकांकडे त्याची दोनच स्पष्टीकरणे असतात. एक तर मूल लाडावलेले आहे, नाहीतर त्याच्या डोक्यात बिघाड आहे. पहिल्या स्पष्टीकरणातून मार मिळतो आणि दुसऱ्यातून अंगारा, गंडेदोरे किंवा घराचे दार बंद करून घेणे. कार्यक्रम पालकांना प्रसंगाच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे पाहायला लावतो, आणि या वागण्यातून मूल काय सांगू पाहत आहे याचा शोध घ्यायला शिकवतो : त्याला काही हवे आहे, कशातून तरी सुटका हवी आहे, कुणाचे लक्ष हवे आहे, की आवाज, उजेड किंवा स्पर्श त्याला सोसत नाही. कारण कळले की आवाज सुरू होण्याआधी सूचना देणे, मिरवणुकीचा मार्ग टाळणे, ‘नको’ सांगण्यासाठी हाताची खूण किंवा चित्र शिकवणे असे उपाय सुचू लागतात. आईवडिलांच्या नजरेत होणारा हा बदल मला औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे घरातला मार थांबतो.

स्वमग्नता आणि मानसिक आजार यांची आपल्या समाजात सरसकट सरमिसळ केली जाते, त्यामुळे येथे सूत्रधाराने थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील एकवीस दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आणि मानसिक आजार यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ती औषधाने ‘बरी’ होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे, तरीही त्यासाठी जमीन गहाण ठेवायला निघालेली कुटुंबे भेटतात. दुसऱ्या टोकाला, मूल ‘वेडे’ ठरेल या भीतीने मानसोपचारतज्ज्ञाचे दारच टाळणारे पालकही आहेत. मूल स्वमग्न आहे म्हणून त्याला मानसिक आजार आहे असे ठरत नाही, आणि त्याला मानसिक आजार होणारच नाही असेही नाही, ही दोन्ही वाक्ये पालकांना एकाच बैठकीत ऐकायला मिळाली पाहिजेत. पहिल्या वाक्याला हा कार्यक्रम चांगला न्याय देतो. दुसऱ्या वाक्याच्या बाबतीत तो कमी पडतो.

त्या उणिवेकडे वळण्याआधी सांभाळ करणाऱ्यांच्या मनाविषयी लिहिणे अगत्याचे आहे. बहुतेक थेरपी केंद्रांत आईला मुलाची प्रगती विचारली जाते, आई झोपते का हे कुणी विचारत नाही. या कार्यक्रमात पालकांचे स्वतःचे स्वास्थ्य हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. श्वासावर लक्ष देण्याचे छोटे सराव त्यात आहेत, आणि शेवटचे सत्र अडचणींची सोडवणूक व स्वतःची काळजी या विषयांना दिलेले आहे. इतरांसमोर मन मोकळे करण्याची सवय नसलेल्या बायकाही काही आठवड्यांनी बोलू लागतात, कारण समोरचीच्या घरीही तेच चाललेले असते. तरीही श्वासाच्या सरावाच्या मर्यादा सूत्रधाराने ओळखायला हव्यात. एखादी आई कित्येक आठवडे नीट झोपलेली नसेल, तिला अन्न गोड लागत नसेल, ‘आम्ही दोघेही नसलेले बरे’ असे ती बोलून जात असेल, तर तो केवळ थकवा नसतो. तिला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे लागते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी आमच्या गटातील प्रत्येक पुस्तिकेच्या मागील पानावर लिहून देते.

आता उणिवांकडे वळते. हा कार्यक्रम सारे काही पालकांच्या हातून करवून घेतो, त्यामुळे ‘आईने नीट खेळवले नाही म्हणून मूल असे झाले’ हा जुना आरोप नव्या रूपात परत येण्याचा धोका त्यात आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर पुढची दोन-अडीच दशके पाश्चात्त्य वैद्यकविश्वात आईच्या भावनाशून्यतेला दोष देणारा सिद्धान्त बोकाळला होता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये तो खोडून काढला. आपल्याकडे सासरी तो सिद्धान्त कुणी वाचलेला नसला तरी निष्कर्ष तोच निघतो. म्हणून ‘हे तुमच्या चुकीमुळे झालेले नाही’ हे वाक्य पहिल्याच सत्रात, आणि शक्य तर सासू-सासऱ्यांच्या उपस्थितीत, मोठ्याने सांगावे, असा माझा आग्रह आहे. गृहभेटींचा खरा लाभ येथेच होतो. गटात फक्त आई येते; घरी गेल्यावर आजी, काका, थोरली बहीण सगळे दिसतात आणि मुलाशी कोण कसे वागते हेही कळते. वडिलांना आणायचे असेल तर सत्र रविवारी किंवा संध्याकाळी ठेवावे लागते, दुपारची वेळ ठेवून वडील येत नाहीत अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

माझा मुख्य आक्षेप वयाच्या मर्यादेबद्दल आहे. नऊ वर्षांवर कार्यक्रम संपतो, आणि स्वमग्न मुलाच्या मानसिक आरोग्याचे अवघड प्रश्न साधारण त्यानंतरच उभे राहतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंताविकारांचे प्रमाण सुमारे २० टक्के आणि नैराश्याचे सुमारे ११ टक्के होते. ही लक्षणे ओळखली जात नाहीत याचे कारण उघड आहे : मुलगा शाळेत जाईनासा झाला, जेवणावरची वासना गेली, पूर्वी आवडणारी रेल्वेची वेळापत्रके त्याने बाजूला टाकली, तरी घरचे, शिक्षक आणि पुष्कळदा डॉक्टरही ‘स्वमग्न आहे, चालायचेच’ असे म्हणून पुढे जातात. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख तर केवळ वागण्यातल्या बदलावरूनच ओळखावे लागते. दातदुखी किंवा पोटदुखीसारखे शारीरिक कारण आधी तपासणे, झोप आणि आवडीनिवडी यांत आधीपेक्षा फरक पडला आहे का ते नोंदवणे, शाळेत छळ होत नाही ना याची चौकशी करणे, एवढे तरी पालकांना शिकवता येईल. वर्तनाच्या सत्रांत शिकवलेली निरीक्षणाची पद्धत यासाठी पायाभूत आहे. तिच्यावर पुढची इमारत कार्यक्रमाने उभारलेली नाही. आमच्या गटाने दहा वर्षांपुढील मुलांच्या पालकांसाठी स्वतंत्र बैठका ठेवल्या, परंतु त्यांसाठी आधाराला असे तयार साहित्य हाताशी नव्हते.

परिणामकारकतेबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवू नयेत. याच विचारधारेतील, परंतु वेगळ्या कार्यक्रमाची चाचणी गोवा आणि रावळपिंडी येथे झाली होती व तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ स्वमग्न मुलांच्या या चाचणीत प्रशिक्षित परंतु तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले. पालकांचा मुलाशी होणारा संवाद अधिक जुळवून घेणारा झाला आणि मुलेही आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढण्याऐवजी घटलेला दिसला. संशोधकांनी हा प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच ठळकपणे मांडला, याचा मला आदर वाटतो. पालकांनाही हेच सांगावे : नऊ सत्रांनंतर मूल बोलू लागेल असे आश्वासन कुणी देऊ शकत नाही, पण ते काय सांगू पाहते आहे हे तुम्हाला आजच्यापेक्षा बरेच अधिक कळू लागेल.

एकट्याने पुस्तिका उतरवून घेऊन वाचण्याचाही उपयोग होतो, तरी गट आणि सूत्रधार यांच्याशिवाय सरावाचा भाग निसटतो, आणि कौशल्य सरावानेच येते. जिथे गट नाही तिथे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, आशा सेविका किंवा विशेष शिक्षक यांपैकी दोघांनी पुढाकार घेऊन चार-पाच कुटुंबे जमवावीत, मात्र जाणकाराची देखरेख मिळवल्याशिवाय सुरुवात करू नये. मी वापरलेले साहित्य इंग्रजीत होते, त्यामुळे प्रत्येक सत्राआधी टिपणे मराठीत उतरवण्यात आमचा बराच वेळ गेला. चित्रकथांतील घरे, खेळ आणि नावे आपल्याकडची करून घेतल्यावर पालक त्यांत चटकन रमतात. जागतिक आरोग्य संघटनेचा परवाना अव्यापारी वापरासाठी अनुवाद आणि रूपांतर करण्याची मुभा देतो, तेव्हा कायद्याची अडचण नाही. हे काम हाती घेणाऱ्या मराठी मंडळींनी क्रमाने पहिल्या सत्रापासून सुरुवात न करता वर्तनाची सत्रे आणि पालकांच्या स्वास्थ्याचा भाग आधी मराठीत आणावा, कारण ज्या घरात आज मार चालू आहे आणि ज्या आईला आज झोप नाही, त्यांना बाकीच्या सत्रांसाठी थांबता येईल, या दोन भागांसाठी थांबता येणार नाही.