मृत्युंजय: व्यासांचा कर्ण सोबत ठेवूनच वाचा

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. नऊ भाग, सगळे प्रथमपुरुषी. चार कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि कृष्णाचे. भाग सुरू होताना निवेदक कोण हे पाहून घ्या, नाहीतर 'मी' कोणाचा यात गोंधळ होतो. खरी ताकद इथेच आहे: एकच माणूस आई, बायको, भाऊ, मित्र यांच्या नजरेतून वेगवेगळा दिसतो.

भाषा मात्र अलंकारांनी लदलेली. सूर्याची वर्णनं इतकी येतात की एका बैठकीत दमछाक होते. एका वेळी एक भाग पुरे.

मोठी अडचण पुढे. वाचून झालं की लोक यालाच महाभारत समजून वाद घालतात. वृषाली हे नाव व्यासांकडे नाही. 'सूताला वरणार नाही' हे स्वयंवरातलं द्रौपदीचं वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या) आवृत्तीने मुख्य संहितेतून वगळलंय. उलट घोषयात्रेत (कौरव गुरं पाहायला वनात गेले तेव्हा) गंधर्वांपुढून कर्णाने काढलेला पळ मूळ वनपर्वात स्वच्छ आहे. सोबतीला सभापर्व, वनपर्व आणि कर्णपर्वाचा मराठी अनुवाद हाताशी ठेवा. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला काय म्हणतो, तेवढं तरी मुळातून वाचाच.