एकच खेळ लावायचा असेल तर: ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’, ‘अगेन्स्ट द टाइड’ की ‘मार्चिंग इन द डार्क’?

कॉलेजचा चित्रपट मंच, वाचनालय, महिला मंडळ, गावातलं तरुण मंडळ. वर्षाकाठी एखाद-दुसरा खेळ लावणाऱ्यांपुढचा पेच ठरलेला असतो. महोत्सवात गाजलेला सिनेमा मोठ्या हौसेनं आणावा आणि अर्ध्या तासात मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हाव्यात. अशा वेळी दोष बहुधा सिनेमाचा नसतो. समोर कोण बसणार आणि दिवे लागल्यावर त्यांना काय बोलता येणार, याचा विचार झालेला नसतो. म्हणून इथे चार अलीकडच्या कलाकृती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत: दोन कथापट, दोन माहितीपट. चारही महाराष्ट्रात घडतात.

मिश्र प्रेक्षकांसाठी ‘स्थळ’

जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट 2023 च्या टोरांटो महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो महाराष्ट्रातल्या थिएटरांत लागला. विदर्भातलं कापूस पिकवणारं गाव, समाजशास्त्र शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारी एकामागून एक स्थळं. सुरुवातीलाच बाजू उलटलेली दिसते: बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारले जातायत. सभागृह तिथेच हसतं. पुढे तेच प्रश्न त्याच सुरात सविताला विचारले जातात. नाव, शिक्षण, उंची, छंद. पहिल्या बघण्याला हशा येतो, पुढच्याला थोडा कमी येतो, नंतर खोली गप्प होते. ही उतरण दिग्दर्शकानं नेमकी मोजून बांधली आहे आणि त्यामुळेच सिनेमा पाहायची सवय नसलेला माणूसही शेवटपर्यंत बसतो.

कलाकार बहुतेक गावातलेच आहेत, बोली वैदर्भीय. पश्चिम महाराष्ट्रात काही शब्द निसटतात, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं असलेलीच प्रत मागवा. चर्चेत एक अडचण हमखास येते. पुरुष मंडळी विषय हुंड्यावर नेतात, कारण हुंड्याला वाईट म्हणणं सोपं आहे. चित्रपटाचं बोट मात्र बघण्याच्या रीतीवरच आहे. सूत्रसंचालकानं पहिला प्रश्न प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईला किंवा मुलीला विचारावा, आणि तोही दृश्यावरचा: ‘तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा काय वाटलं?’ ‘तुमचा अनुभव सांगा’ असं सासूच्या शेजारी बसलेल्या सुनेला विचारू नये.

निवडायला अवघड, दाखवायला त्याहून: ‘साबर बोंडं’

रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. काय खायचं, पायात काय घालायचं, कुठे बसायचं यावर भावकीचा पहारा. ‘लग्नाचं काय?’ हा तगादा सतत चालू. आणि लहानपणचा मित्र बाळ्या, ज्याच्यासोबतचं नातं पुन्हा उलगडतं. सुतकाच्या शिस्तीत, सगळ्यांच्या नजरेसमोर, दोन पुरुषांना एकमेकांजवळ किती जागा मिळते, हे चित्रपट शांतपणे दाखवत राहतो. आईचं पात्र चर्चेसाठी सोन्यासारखं आहे. तिला सगळं ठाऊक आहे, पण ती भाषण देत नाही.

हा चित्रपट जड नाही, संथ आहे. कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो आणि सगळी मदार आसपासच्या आवाजांवर असते. आता तुमचा हॉल आठवा: घुमणाऱ्या भिंती, खडखडणारे पंखे, बाहेर रिक्षास्टँड. तिथे हा खेळ लावणं म्हणजे चित्रपटावर अन्याय. साठ-सत्तर खुर्च्यांची बंद खोली, दारं लावलेली, उशिरा येणाऱ्यांना मागच्या दारानं प्रवेश, एवढं जमत असेल तरच घ्या. समलैंगिकतेवरचा सिनेमा म्हणून जाहिरात केली तर समर्थक आणि विरोधक दोघंही आधीच मत बनवून येतात. ‘वडिलांच्या दहाव्यासाठी गावी आलेला मुलगा’ एवढं खरं वर्णन पत्रकावर पुरतं. मात्र प्रमाणपत्रावरचा वयोगट त्याच पत्रकावर ठळक छापा, नाहीतर लेकरांना घेऊन आलेले पालक मधूनच उठतील.

विषय किनाऱ्याचा असेल तर ‘अगेन्स्ट द टाइड’

सर्वनिक कौर यांच्या या माहितीपटाला 2023 मध्ये सनडान्सचाच परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. लांबी 97 मिनिटं, म्हणजे चौघांत चर्चेला सर्वात जास्त वेळ देणारा. मुंबईतले दोन कोळी मित्र, राकेश आणि गणेश. एक वाडवडिलांच्या रीतीनं लहान होडीतून किनाऱ्याजवळ जातो, जाळ्यात मासळीसोबत प्लास्टिक येतं. दुसरा परदेशात शिकून आलेला, मोठी बोट, खोल समुद्र, डिझेल, बर्फ, डोक्यावर कर्ज आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढण्याचा मोह. केंद्र सरकारनं 2017 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, तरी कोकणात आणि गोव्यात तिचे वाद मिटलेले नाहीत. दिव्यांच्या उजेडाकडे लहान पिल्लंही येतात, तीच जाळ्यात गेली की पुढच्या हंगामाचा मासा आजच संपतो. लहान होडीवाल्याची तक्रार याच हिशेबातून येते.

या माहितीपटाचं बळ दोन मित्रांच्या भांडणात आहे. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, पडद्यावर आकडे नाहीत. त्यामुळे शहरी कॉलेजात अर्धा प्रेक्षक ‘मुद्दा काय?’ असं विचारतो. तिथे खेळाआधी पाच मिनिटांत पर्ससीन (थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं), एलईडी, खोल समुद्र एवढ्या तीन गोष्टी फळ्यावर चित्र काढून सांगा. कोळीवाड्यात याची गरज नाही, तिथे वेगळीच तयारी लागते. समोर मोठ्या बोटीचे मालक आणि लहान होडीवाले एकत्र बसलेले असतील, तर व्यासपीठावर दोघांचा एकेक माणूस हवा. एकाच बाजूचा वक्ता बोलावला की चर्चा मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीवर जाते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारलेल्या असतात, माणसं घरी असतात, तोच हंगाम योग्य. फक्त पत्र्याच्या छपराखाली पावसात एकही संवाद ऐकू येणार नाही. स्लॅबचा हॉल बघा.

‘मार्चिंग इन द डार्क’: तयारीशिवाय नको

किंशुक सुरजन यांचा 2024 चा हा माहितीपट आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांवर आहे. समुपदेशनासाठी त्या एकत्र बसतात, हळूहळू बोलायला लागतात. त्या गटातल्या बोलण्याचे प्रसंग चौघांतही सर्वात थेट भिडणारे आहेत. म्हणूनच ज्या गावात अशी घरं आहेत तिथे तो ‘जनजागृती’ म्हणून चौकात लावू नका. कृषी महाविद्यालय, समाजकार्याचे विद्यार्थी, बँकेचे आणि महसूलचे कर्मचारी यांना जरूर दाखवा. गावातच दाखवायचा झाला तर आधी त्या बायकांना वेगळं, मोजक्या माणसांत दाखवा. जाहीर खेळ हवा की नको ते त्याच ठरवतील. खेळाच्या वेळी समुपदेशक हजर हवा आणि 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक फलकावर लिहिलेला हवा.

हक्क, प्रमाणपत्र आणि फाइल

ओटीटीची वर्गणी घरच्यापुरती असते. मंडळानं तिच्यावरून जाहीर खेळ लावला, तिकीट नसलं तरी, तो विनापरवाना ठरतो. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. फाटक उघडून गाव आत घेतलं की सवलत संपली. जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही लागतं. थिएटरांत लागलेल्या दोन्ही कथापटांचं ते आहेच. माहितीपटाच्या बाबतीत निर्मात्याला पहिल्याच मेलमध्ये विचारा, कारण महोत्सवांना मिळणारी सूट तुमच्या मंडळाला आपोआप लागू होत नाही. मेलमध्ये तारीख, ठिकाण, खुर्च्या, तिकीट आहे की नाही आणि देऊ शकता ती रक्कम स्पष्ट लिहा. महिनाभर आधी लिहा, दिग्दर्शक दूरस्थ चर्चेला हवा असेल तर त्याहूनही आधी.

थिएटरची डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी बनवलेली डिजिटल प्रत, तुमच्या लॅपटॉपवर चालणार नाही. कुलूपबंद प्रत ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक वेळेतच उघडते. एमपी4 फाइल मागा, उपशीर्षकं चित्रावरच उमटवलेली. आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर दहा मिनिटं चालवून बघा. हमखास होणारा घोळ आवाजाचा: फाइल 5.1 ची, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलच्या आवाजाची असते आणि लॅपटॉप फक्त डावा-उजवा चॅनल बाहेर सोडतो. संवाद मधल्या चॅनलवर असल्यानं वारा, कोंबडे ऐकू येतात आणि माणसं तोंड हलवताना दिसतात. प्लेअरमध्ये आवाज स्टिरिओवर आणा, किंवा स्टिरिओ मिश्रणाचीच फाइल मागून घ्या.

दहा फूट रुंद पडद्याला पूर्ण अंधारात 3000 एएनएसआय ल्युमेनचा (उजेडाचं प्रमाणित माप) प्रोजेक्टर पुरतो. स्वस्त यंत्राच्या खोक्यावरचे ‘9000 ल्युमेन’ या मापातले नसतात. खिडक्यांना काळं कापड लावणं शक्य नसेल, तर रात्रीच्या दृश्यांत नुसत्या सावल्या दिसतील. तेव्हा खेळ सूर्यास्तानंतर ठेवा.

हे सगळं जुळवायला पहिल्या वर्षी माणसं कमी पडत असतील तर ‘स्थळ’ घ्या, आणि संध्याकाळी सातऐवजी दुपारी तीनचा, खिडक्या झाकलेला खेळ महिलांसाठी ठेवा. संध्याकाळी घरी स्वयंपाकाची वेळ असते आणि ज्यांच्यासाठी सिनेमा आणला त्याच येत नाहीत.