मिडलसेक्स की फोर्ट बेंड?

अमेरिकेतल्या या दोन्ही उपनगरी काउंट्यांत भारतीय वस्ती दाट, पण जडणघडण वेगळी. न्यू जर्सीतली मिडलसेक्स १६८३ची, रॅरिटन नदीकाठची. न्यूयॉर्कला जाणाऱ्या रेल्वेभोवती ती भरत गेली. मेन्लो पार्कची एडिसनची प्रयोगशाळा इथलीच. १९५४मध्ये गावालाही त्याचं नाव मिळालं. ओक ट्री रोडवर आज साड्या, मिठाई, किराणा सगळं मिळतं. जागा मात्र संपत आली: २०१० ते २०२० लोकसंख्या ८.१० लाखांवरून जेमतेम ८.६३ लाख.

टेक्सासमधल्या फोर्ट बेंडने त्याच दशकात ५.८५ लाखांवरून ८.२३ लाखांवर उडी घेतली. ब्राझोस नदीच्या वळणावरची ही सपाट, एकेकाळची उसाची जमीन. शुगर लँडचा साखर कारखाना २००३मध्ये बंद पडला; मळ्यांवर आखीव वसाहती त्याच्या आधीपासूनच उभ्या राहत होत्या. त्याच मातीत, पूर्वी मळ्यांवर भाड्याने राबवलेल्या ९५ कृष्णवर्णीय कैद्यांचे अवशेष २०१८मध्ये सापडले. घर बघायला नेणारा एजंट हे सांगेलच असं नाही.

टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, घरपट्टी मात्र दोन्हीकडे जबर. गाडीवाचून राहायचं असेल तर मिडलसेक्स. फोर्ट बेंडमध्ये घर घेताना आधी पूरनकाशा पाहा, २०१७चं हार्वे वादळ तिथे फार जुनं झालेलं नाही.